मदत हवी आहे: मूल कडेवर असताना जमेल असं ध्यान कुणी करतं का?

नमस्कार. माझी लेक साडेतीन वर्षांची आहे, धाकटा सव्वा वर्षाचा. सकाळ कशीबशी निभते, पण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर जेवणं होईपर्यंतचा वेळ मला फार जड जातो. धाकट्याला दारातच अंगावर प्यायचं असतं, लेकीला शाळेतलं सगळं तेव्हाच सांगायचं असतं, कणीक मळायची राहिलेली असते. "मीच लाटणार" म्हणत ती ओट्याशी स्टूल ओढते, पीठ सांडतं आणि माझा आवाज चढतो. हात उगारत नाही मी. पण आवाज चढला की ती दोन्ही कानांवर हात ठेवते, आणि ते मला बघवत नाही.

एक लक्षात आलंय. राग बाहेर पडायच्या आधी अंगाला कळतं: दात आवळले जातात, खांदे वर चढतात, श्वास वरच्या वर अडकतो. तिथून ओरडेपर्यंत काही क्षण मिळतात. त्या क्षणांत काय करायचं, एवढंच मला शिकायचंय.

विपश्यनेबद्दल मनापासून आदर आहे, पण दहा दिवस मौनात, फोनशिवाय राहणं अंगावर पिणारं बाळ असताना शक्य नाही. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा (आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा) कार्यक्रमही पाहिला. त्यात रोज घरी पाऊणएक तास सराव अपेक्षित असतो. लहान मुलांच्या आईला हे सुचवणाऱ्यांनी तो पाऊण तास कुठून आणायचा तेही सांगायला हवं.

श्वास सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून चार आकडे श्वास घेऊन सहा आकडे सोडायचा, हे करून पाहिलं. कणीक मळताना जमतं. धाकटा किंचाळत असला की आकडे डोक्यात राहतच नाहीत. त्यापेक्षा नळाखाली मनगटं धरून पाण्याच्या गारव्याकडे लक्ष देणं मला सोपं जातं. सासूबाई म्हणाल्या, "आधी दोन घास खा, मग पोरांकडे बघ." आता उतरायच्या आधी लोकलमध्येच शेंगदाण्याचा लाडू खाते, आणि त्याने खरंच फरक पडलाय.

डॉक्टरांकडे जाऊन आले. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडू शकतं, अंगात रक्त कमी असलं तरी चिडचिड होते, म्हणून दोन्ही तपासलं. थायरॉईड ठीक आहे, हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. नवऱ्याची शिफ्ट उशिरा संपते, त्यामुळे त्या वेळी तो घरी नसतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांच्यावर दोघांना सोडवत नाही.

तर ऐन वेळी तुम्हाला काय उपयोगी पडलं? एवढ्या लहान मुलीला सोबत घेऊन श्वासाचा खेळ कुणी केलाय का? ओरडून झाल्यावर मुलांशी काय बोलता? मी जवळ घेऊन "आई दमली होती, तुझं चुकलं नाही" म्हणते, पण ते पुरतं का? आणि सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर (14416) कुणी मराठीतून बोललंय का? मोफत आहे हे माहीत आहे, प्रत्यक्ष अनुभव हवाय.

मुलं झोपल्यावरच इथे येता येतं, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर होईल, पण प्रत्येक प्रतिसाद वाचेन.