इन्स्टॉल होत नाही? मग जुनं विंडोजच आत वसवा! (की नको?)

खिळाजुळारी
आमचा लहानसा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दोन दिवाळी अंक. १९९८ पासूनचे जॉब पेजमेकरमध्ये (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) पडून आहेत. गेल्या वर्षी जुना पीसी गचकला आणि विंडोज ११ चं मशीन आणलं. पेजमेकर बसला, पण मराठी फॉन्टचं पॅकेज काही केल्या बसेना. त्याला डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायची लायसनची किल्ली, लागतं, डोंगलला ड्रायव्हर (विंडोजला ते ओळखू देणारा प्रोग्रॅम) लागतो आणि ड्रायव्हर आहे ३२ बिटचा. ६४ बिटचं विंडोज त्याला दारातच उभं करत नाही. कंपॅटिबिलिटी मोड, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, सगळे नवससायास झाले. विकणाऱ्यांना फोन केला तर उत्तर, "नवीन घ्या."

शेवटी व्हर्च्युअलबॉक्स (पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि त्यात आमच्याच जुन्या सीडीवरून विंडोज एक्सपी. १ जीबी रॅम दिली, तीही जास्तच. सेटिंगमध्ये डोंगलचा यूएसबी फिल्टर जोडला की ते बाहेरच्या विंडोजला दिसत नाही, थेट आतल्या एक्सपीला मिळतं. पीडीएफ शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची आणि बाहेरून बटर (प्लेटसाठीची बटर पेपरवरची प्रिंट) काढायचा. अर्ध्या दिवसात पत्रिका मशीनवर चढली. माझं स्पष्ट मत आहे, इन्स्टॉलच्या भानगडीत आठवडे घालवू नका. व्हीएम करा आणि विसरून जा.

रफार
"विसरून जा" इथेच माझा आक्षेप आहे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. तुम्ही तुमचं १९९८ पासूनचं काम त्यात कोंडताय, आणि किल्ली कसली, तर एक डोंगल. ते उद्या कुणाच्या तरी पायाखाली आलं की व्हीएम चालू आणि मजकूर बंद!

रोग इन्स्टॉलचा नाहीच, फॉन्टचा आहे. युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) करून घ्या. लिबरऑफिसचा ड्रॉ ४.४ पासून पेजमेकरच्या फाइली उघडतो, निदान मजकूर तरी बाहेर येतो.

खिळाजुळारी
ताई, येतो ना! इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा काला होऊन येतो. कन्व्हर्टरमधून काढला तर "सर्वोच्च"चं "सवोर्च्च" आणि "मार्केट"चं "माकेर्ट". एका अहवालात असं किती वेळा झालं ते मोजायचंही सोडून दिलं.

रफार
कारण त्या फॉन्टांत अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं, वेलांटी नंतर आणि रफार आधी. रफार उचलून मागे न्यायचा, पण किती मागे? मध्ये मात्रा किंवा काना असला की कच्चा कन्व्हर्टर तिथेच अडखळतो. पण ही चूक ठरावीक जागी होते, म्हणजे शोधून बदलताही येते. व्हीएममध्ये ठेवलेल्या मजकुरात तर शोधताच येत नाही.

नटबोल्ट
मी खिळाजुळारींच्या बाजूने. आमचं काम कारखान्यांतले जुने पीएलसी (मशीन चालवणारे छोटे कंट्रोलर) दुरुस्त करायचं. मशीन वीस वर्षं जुनं, त्याचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर तेवढंच जुनं, आणि एकाच्या दोन आवृत्त्या एका विंडोजवर टाकल्या की दोन्ही रुसतात. माझ्या लॅपटॉपवर चार व्हीएम आहेत, गिऱ्हाइकागणिक एक. काही टाकायच्या आधी स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्यायचा, बिघडलं की मागे. इथे "नवीन घ्या" म्हणजे पूर्ण मशीन नवीन घ्या. कोण घेतो?

एक मात्र ऐका. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की तोही गेला. मी हे शिकलो तेव्हा बॅकअप होता, पण अर्धवट. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि माझी व्हीडीआय (व्हीएमच्या डिस्कची फाइल) होती २२ जीबीची. एरर आलेली. मी "ओके" दाबून जेवायला गेलो होतो.

लॅबवाला
आमच्या कॉलेजात टर्बो सी++ (डॉसच्या काळातलं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर) साठी कुणीतरी प्रत्येक पीसीवर व्हीएम टाकायची टूम काढली. मुंगीवर मुसळ! ४ जीबी रॅमची मशीनं. आतलं विंडोज उठेपर्यंत पोरं कँटीनला जाऊन येत. अर्ध्या पीसींवर बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हीएमसाठीची प्रोसेसरची सोय, बंद, आणि व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून त्याशिवाय चालतच नाही. तीस वेळा एफ२ दाबत फिरलो. शेवटी डॉसबॉक्स टाकलं, फक्त जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं, काही एमबींचं. म्हणून आधी हलका उपाय बघा. टर्बो सी++ अजून का शिकवतात हा वेगळा धागा होईल, तो मी काढणार नाही, नोकरी आहे.

शिवाय व्हीएममधल्या विंडोजलाही लायसन लागतं, हे कुणीच बोलत नाही.

खिळाजुळारी
लायसन आहे, जुन्या पीसीचंच, डब्यासकट घेतलेलं. नेट आतून बंद आहे, नेटवर्क अ‍ॅडाप्टरच काढून टाकलाय. डोंगलबद्दल ताईंचं म्हणणं पटतं. ते काल ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलं.

पण सगळं युनिकोड करा म्हणणं सोपं आहे. हजारांवर जॉब आहेत. २००३ ची लग्नपत्रिका युनिकोड करून कुणाला हवी?

रफार
पत्रिका कुणालाच नको. दिवाळी अंक हवेत. ते तुमच्याकडे आणि कदाचित फक्त तुमच्याकडेच आहेत. पत्रिका व्हीएममध्ये राहू द्या, माझं काही म्हणणं नाही.

नटबोल्ट
झाली का मांडवली?

खिळाजुळारी
अर्धी. शनिवारी मशीन बंद असतं. २००१ च्या अंकाची पहिली ४० पानं कन्व्हर्ट करून पाठवतो, शेजारी जुन्या फॉन्टातली पीडीएफ ठेवतो. रफार तुम्ही तपासा ताई, नाव घेतलंच आहे तर. वेलांट्या मी बघतो.