रेडिओ-टीव्हीच्या निवेदनात करिअर होतं का? दुसऱ्यांदा ऑडिशनला नकार आलाय

कृष्णाकाठ२७

नमस्कार मंडळी, वय २७, सांगली जिल्हा, दिवसा एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. पण वेड लहानपणापासून आवाजाचं. आजोबांच्या रेडिओला कान लावून मोठा झालो. गावात गणपती असो, शिवजयंती असो, कुणाचा सत्कार असो, माईक माझ्याच हातात देतात. दोन महिन्यांपूर्वी एका चॅनेलच्या अँकर ऑडिशनला गेलो, जेमतेम दोन मिनिटं वाचलं असेल तर तिथल्या मॅडम म्हणाल्या आवाज छान आहे पण भाषा गावाकडची वाटते. त्याच्या आधी एका एफएमवाल्यांनीही असंच सांगून परत पाठवलं होतं. घरी येताना एसटीत बसून तीच बातमी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकत होतो, काय चुकतंय ते मला खरंच कळेना. आई म्हणते नोकरी सोडू नको. मला एवढंच विचारायचंय की सत्ताविशीत सुरुवात करून यावर घर चालतं का, आणि बोलीची सवय जाते का? या क्षेत्रातल्या कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.

जुना_श्रोता

अरे, रेडिओवरचे गाजलेले निवेदक अमीन सयानी, त्यांनाही उच्चारावरूनच नकार मिळाला होता. आकाशवाणीच्या हिंदी ऑडिशनला वाचन बरं आहे म्हणाले पण बोलण्यात गुजराती आणि इंग्रजीची झाक आहे म्हणून घेतलं नाही. सुरुवातीचं शिक्षण गुजरातीत, आणि मोठे भाऊ हमीद सयानी इंग्रजी ब्रॉडकास्टिंगमधले, त्यांचं बोट धरून हा माणूस आधी इंग्रजी कार्यक्रमांत शिरला होता. मग हिंदी सुधारली कशी, तर आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचं पत्र काढायच्या, सोप्या हिंदुस्तानीत पण नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, त्याच्या कामात मदत करता करता साधी, सगळ्यांना कळेल अशी भाषा जिभेवर बसली. आणि पुढं लोकांनी प्रेम केलं ते त्या साध्या भाषेवरच!

मग १९५२ साल. नभोवाणी मंत्री होते आपले बाळकृष्ण केसकर, त्यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली आणि लोक रेडिओ सिलोनकडं, म्हणजे श्रीलंकेतल्या स्टेशनकडं वळले. ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारी, तिथं बिनाका गीतमाला हा हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. आठवड्याला २५ रुपये मिळायचे, त्यात स्क्रिप्ट लिहायचं, बोलायचं आणि आलेली पत्रंही बघायची. म्हणून तर ते काम अमीन सयानींसारख्या नवख्या पोराला मिळालं, बाकी कुणी एवढ्या पैशात तयार होईना. रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं आणि टेप विमानानं कोलंबोला जायची. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रं आली. तेव्हा वय होतं जेमतेम वीस.

आमच्या घरी बुधवारी आठ वाजता जेवणं थांबायची. "बहनो और भाइयो" म्हणताना बहनो आधी यायचं हे माझ्या आईला फार आवडायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले त्या दिवशी मी तिचा जुना ट्रान्झिस्टर माळ्यावरून काढून पुसून ठेवला, चालत नाही तो, पण ठेवला.

पहिली_सभा

भाऊ, मी १६ वर्षं आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक निवेदिका आहे, म्हणजे पगारी नाही, ड्युटी मिळेल तसे पैसे. महिन्याला साधारण सहा ड्युट्या. नुसत्या त्यावर घर चालत नाही हे आधीच स्पष्ट सांगते. माझं चालतं ते व्हॉइसओव्हर, माहितीपट आणि सूत्रसंचालन मिळून. तेव्हा आईचं ऐका, नोकरी धरून ठेवा.

पण काम म्हणाल तर याच्यासारखं दुसरं नाही. पहाटे अंधारात स्टुडिओत शिरायचं, क्यू शीट म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमाचा कागद समोर, हेडफोन कानाला, संकेतधून संपत आली की बोट फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर जातं आणि लाल दिवा लागतो. एकदा अभंग लावायचा होता आणि कॉम्प्युटर अडकला. हवेत शांतता. रेडिओवरचे पाच सेकंद किती मोठे असतात ते तिथं बसल्यावर कळतं. मी फेडर वर घेतला आणि त्या अभंगाबद्दल घरी आजी जे सांगायची तेच सांगत राहिले, चालू होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी एका शेतकरी दादांचा फोन आला, म्हणाले ताई आज गाण्याच्या आधीचं बोलणं चांगलं होतं, गोठ्यात धार काढत ऐकत होतो. तेव्हापासून मी हजारो श्रोत्यांशी बोलत नाही, त्या दादांशी बोलते.

आता उच्चाराचं. बोली घालवायची नाही, तिच्या शेजारी प्रमाण मराठी बसवायची. चहातला च आणि चाकातला च वेगळा, जीवनातला ज आणि जर-तरमधला ज वेगळा, न-ण, ल-ळ, श-ष, रोज अर्धा तास अग्रलेख मोठ्यानं वाचा आणि रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी ऐकलं तर चुका सापडत नाहीत. सहा महिन्यांत फरक पडतो, माझा पडला, मी बार्शीकडची आहे. आणि जवळच्या केंद्राच्या स्वरचाचणीची जाहिरात आली की अर्ज टाकाच. शेतीच्या आणि गावच्या कार्यक्रमांना तुमच्यासारखी भाषा हवीच असते, तिथं ती तुमची कमाई आहे.

वरळी_टॉवर

टीव्हीबद्दल थोडं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' आला, तो १९९३ पर्यंत चालला. एकवीस वर्षं! बालकलाकार म्हणून सुरुवात, मग रेडिओवर प्रायोजित कार्यक्रम, टीव्हीवर मुलाखती, स्टेज शो, मासिकाचं संपादन आणि म्हातारपणी यूट्यूब चॅनेलसुद्धा. एकाच खुर्चीवर बसून आयुष्य गेलं असं या धंद्यात फार थोड्यांचं होतं. बातम्यांत प्रदीप भिडेंसारखा माणूस दूरदर्शनवर अनेक वर्षं टिकला पण त्यांचाही आवाज जाहिरातींत आणि माहितीपटांत तितकाच होता.

टीव्हीत वाचण्यापेक्षा ऐकणं जड जातं हे मी कंट्रोल रूममध्ये बसून बघितलंय. पाहुणा एखादी आतली गोष्ट सांगायला लागतो आणि नवा अँकर पुढचा प्रश्न कागदावर शोधत असतो, झालं, ती गोष्ट गेली. तबस्सुम बाईंचं बघा, समोरचा बोलत असताना त्यांची नजर हलायची नाही. तुम्ही गावात सत्काराचं निवेदन करता ना, तिथं सत्कारमूर्तीला आधी दहा मिनिटं भेटत जा आणि नुसतं ऐका.

कृष्णाकाठ२७

सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. चहा आणि चाक कालपासून सुरू केलंय, ऑफिसला जाताना गाडीवर पण म्हणतो. चाकातला जमतोय, चहातला अजून घसरतोय. रविवारी गावात एका निवृत्त पोस्टमन काकांचा सत्कार आहे, शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसणार आहे. ताई, रेकॉर्डिंग पाठवलं तर ऐकाल का?

पहिली_सभा

पाठवा. रविवारचं पाठवा, तालमीचं नको.