कवी दत्तांवरील नोंदीचे शीर्षक काय असावे?

प्रश्न: दत्तात्रय कोंडो घाटे (१८७५–१८९९) यांच्यावर ज्ञानकोशासाठी छोटी नोंद लिहीत आहे. ते ‘दत्त’ या नावाने कविता लिहीत. परंतु केवळ ‘दत्त’ असे शीर्षक दिल्यास वाचक दैवताच्या नोंदीची अपेक्षा करील. संपूर्ण नाव द्यावे का?

उत्तर १: माझ्या मते ‘दत्त (कवी)’ हेच योग्य ठरेल. कृष्णाजी केशव दामले यांना आपण केशवसुत म्हणूनच शोधतो, त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना बालकवी म्हणून. मग अल्पायुषी आणि तुलनेने कमी लिहिलेल्या कवीला वेगळा नियम का लावावा? संपूर्ण नाव पहिल्या वाक्यात यावे.

उत्तर २: तत्त्व मान्य आहे, पण केशवसुतांचे नाव घराघरांत पोहोचले आहे, तसे दत्तांचे नाही. अनेक वाचक लेखक वि. द. घाटे यांचे वडील म्हणूनच त्यांच्यापर्यंत येतात आणि शोधताना आडनावच लिहितात. म्हणून ‘दत्तात्रय कोंडो घाटे’ या नावावरून पुनर्निर्देशन (त्या नावाने शोधणाऱ्याला याच नोंदीकडे नेणारा दुवा) अवश्य ठेवावे. ‘कविवर्य’सारखी उपाधी मात्र शीर्षकात नको.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शीर्षक ‘दत्त (कवी)’ ठेवतो, संपूर्ण नावावरून पुनर्निर्देशन करतो आणि दैवताच्या नोंदीच्या आरंभी या नोंदीचा दुवा सुचवतो.