एकट्याने शास्त्र वाचून माणूस वाढतो का?

फतेहगंजवाली:
सलाम. नगरहून लग्न होऊन बडोद्याला आले त्याला सहा वर्षं झाली. इथल्या चर्चमध्ये उपासना गुजरातीत. वर्षभर मागच्या बाकावर बसायचे, गीत कळेपर्यंत संपायचं. मग घरीच शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लागले. वाटायचं, छान वाढतेय आपण. आता दर शुक्रवारी आम्ही चार-पाच मराठी घरं मांजलपूरला प्रार्थनेला जमतो, तेव्हा लक्षात आलं की मी नुसती स्तोत्रं वाचत होते. क्षमेचं वचन आलं की पान उलटायचं, कारण जावेशी अबोला. गेल्या महिन्यात बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय होता, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा, तो. एका मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं, "जावेला फोन केलास का?" घरात एकटीला हे कोण विचारणार होतं? माझं मत: एकट्याचा विश्वास टिकतो, वाढत नाही.

एकलव्य_बडोदे:
ताई, साफ चूक. प्रभू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात जायचा, मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. मत्तय ६:६ मध्ये खोलीत जा, दार लाव म्हटलंय. दार उघडं ठेवून चहा टाक असं नाही. एका घरसभेत मी धंद्यातल्या कर्जासाठी प्रार्थना करा म्हणालो. रविवारपर्यंत चर्चच्या अख्ख्या मंडळीला आकडा ठाऊक, तोही वाढवून. आपल्याकडे चहाडीलाच 'प्रार्थनेचा विषय' म्हणतात.

मेथडिस्ट_काका:
चहाडीचं खरं आहे, नाकारत नाही. पण ६:६ दिखाऊपणाविरुद्ध आहे. तीनच ओळी पुढे जा. प्रभूची प्रार्थना 'आमच्या पित्या' अशी सुरू होते. भाकर आमची, अपराधही आमचे. 'माझं' एकदाही नाही.
आणि कर्जाचीच गोष्ट निघाली म्हणून: १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये आमच्या मेथडिस्ट पंथाच्या संस्थापकाच्या, जॉन वेस्लीच्या, लोकांवर चॅपलचं कर्ज होतं. ठरलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची. तो घरोघर जायला लागला आणि कुणाच्या घरी दारू, कुठे भांडण, ते दिसायला लागलं. त्यातून आमच्या पंथाचे वर्ग, म्हणजे एकमेकांची विचारपूस करणारे छोटे गट, निघाले. पैसे मागायला गेलेल्याला माणसं सापडली!

एकलव्य_बडोदे:
काका, तुम्हाला त्यात मंडळी दिसते, मला पोलीस चौकी. 'आमची भाकर' मात्र मान्य, त्यावर उत्तर सुचत नाही. पण ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक घ्या. आगगाडीत एका अनोळखी माणसाने नवा करार दिला, डोंगरावरचं प्रवचन वाचून माणूस आतून हलला. बाप्तिस्मा १८९५ चा. वाचताना कुठली मंडळी होती शेजारी?

दांडियाबाजार:
मी ख्रिस्ती नाही, तरी बोलतो. टिळकांचं अर्धंच सांगितलंत. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही जागा. सापडलं एकट्याला, पण त्यांना शेवटी माणसं लागलीच. शिवाय त्यांनी ख्रिस्त भजन-कीर्तनात आणला, आणि कीर्तनाला समोर कुणी तरी लागतंच. (आजोबांच्या एकादशीच्या भजनातही चहाडी भरपूर चालायची. तो तुमच्याच धर्माचा गुण नाही.)

फतेहगंजवाली:
'न घेतलेले' हे मला बोचलं. आमच्या शुक्रवारी सगळे मराठी, सगळे आपल्यातलेच. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती ख्रिस्ती बाईंना आम्ही एकदाही बोलावलेलं नाही. ती मंडळी आहे की माझं माहेर, आता मलाच सांगता येईना.
एकलव्यदादा, आमच्याकडेही एकाने बाहेर बोलून दाखवलं होतं. मावशींनी त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली.

एकलव्य_बडोदे:
मागितली त्याने? माझ्या वेळी कुणी मागितली नाही. तो माणूस अजून रविवारी माझ्यापासून दोन बाक पुढे बसतो. पाठ बघून मी उपासना करतो, गेली कित्येक वर्षं. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, हे प्रभूचं सांगणं खोलीचं दार लावून कसं करायचं ते मलाही कळलेलं नाही. पण घरसभेला येणार नाही, हे सांगून ठेवतो.

मेथडिस्ट_काका:
नका येऊ. दोन बाक पुढे जाऊन बघा.
ताई, फोनचं राहिलंच की.

फतेहगंजवाली:
केला काका. तिने उचलला नाही. उद्या शुक्रवार, मावशी पुन्हा विचारणार.