सिकलसेलच्या हिमोग्लोबिनची रचना माहीत असूनही त्यावरून औषध का होत नाही?

प्रश्न : वैनगंगाकाठ (आरमोरी, जि. गडचिरोली)

मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. माझ्या चुलतभावाचा पॅटर्न एसएस आहे, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाचा दोष त्याला आईवडील दोघांकडून आला आहे. रोवणीच्या दिवसांत पावसात भिजला की त्याचे हातपाय असे ठणकतात की बांधीतले काम टाकून त्याला दवाखान्यात न्यावे लागते. रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाची रचना उलगडल्याबद्दल मॅक्स पेरुट्झ यांना १९६२ मध्ये नोबेल मिळाले. सिकलसेलमध्ये त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते, एवढाच दोष आहे, हेही तेव्हा कळलेले होते. तरी भावाला आज हायड्रॉक्सियुरिया हेच औषध घ्यावे लागते. प्रकल्पासाठी मी एका रानझाडाच्या पानांतील घटकांचे या प्रथिनाशी डॉकिंग केले (रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर पाहिले) असून एका घटकाचा स्कोअर उणे ९.१ आला आहे; हा आकडा जितका उणे, तितकी पकड घट्ट मानतात. यावर पुढे काम करण्यात अर्थ आहे का?

उत्तर १ : लाखांदूरचा, सध्या हैदराबाद (औषधसंशोधन)

ताई, रचनेवरून औषध घडवण्याची पद्धत खरोखर यशस्वी आहे. एचआयव्हीच्या प्रोटिएजवरची औषधे तिच्यातूनच आली. पण प्रोटिएज हे विकर (एन्झाइम) आहे, त्याला खोल खाच आहे आणि शरीरात त्याचे प्रमाण अत्यल्प असते, त्यामुळे थोडेसे औषध खाचेत बसले की काम थांबते. सिकलसेलमध्ये या दोन्ही गोष्टी उलट आहेत. ऑक्सिजन सोडल्यावर एका रेणूचे ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतील फेनिलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्यामधल्या उथळ खोलगट जागेत जाऊन बसते, आणि असे रेणू जुळत जुळत चौदा पदरांचा कडक धागा तयार होतो, जो तांबड्या पेशीला विळ्यासारखी वाकवतो. एवढ्या उथळ जागेत लहान रेणू घट्ट धरून ठेवणे कठीण असते. शिवाय प्रौढ माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिन शेकडो ग्रॅम असते, म्हणजे औषधही त्या मानाने भरपूर लागणार.

व्होक्सेलोटॉर या सिकलसेलवरील औषधाच्या शोधकर्त्यांनी म्हणूनच ती जागा सोडली. त्यांचा रेणू अल्फा साखळीच्या टोकावरील व्हॅलिनशी उलटू शकणारा सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून होणारा) बंध करतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरलेल्या अवस्थेत अडकवून ठेवतो, कारण त्या अवस्थेत धागा बनत नाही. रचनेच्या अभ्यासातून सुचलेली ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. तरीसुद्धा दिवसाला १५०० मिलिग्रॅम औषध द्यावे लागे. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले.

उत्तर २ : कोरची परिसर (ग्रामीण रुग्णालय)

मागे का घेतले, हे इथे सांगायलाच हवे. चाचणीत सुमारे निम्म्या रुग्णांचे हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे एक ग्रॅमहून अधिक वाढले होते, पण वेदनेचे झटके त्या प्रमाणात कमी झाले नाहीत, आणि पुढच्या अभ्यासांत औषध घेणाऱ्यांमध्ये झटके व मृत्यू अधिक दिसले. ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणारे हिमोग्लोबिन तो ऊतींना किती सोडेल, ही शंका आधीपासून घेतली जात होती. आमच्याकडे येणारे आईवडील रिपोर्टवरचा आकडा आधी विचारतात, पण मूल रात्री झोपते का आणि शाळेत जाते का, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. हायड्रॉक्सियुरिया रचनेवरून घडवलेले नाही, पण ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते आणि ते हिमोग्लोबिन धाग्यात सामील होत नाही. भावाचे औषध आणि रक्ततपासणी कृपया चुकवू नका. झाडपाल्याच्या भरवशावर गोळ्या बंद केलेली मुले आम्ही फार वाईट अवस्थेत पाहिली आहेत.

उत्तर ३ : अध्यापक (यवतमाळ जिल्हा)

आता डॉकिंगविषयी. उणे ९.१ हा आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही. नेहमीच्या डॉकिंगमध्ये प्रथिन ताठ धरलेले असते, पाण्याचे रेणू बहुधा काढून टाकलेले असतात, आणि मोठ्या, अनेक वलयांच्या वनस्पतिजन्य रेणूंना निव्वळ आकारामुळेही चांगला स्कोअर मिळतो. आपण कोणती रचना घेतली, हे लिहिलेले नाही. निरोगी, ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन घेतले असेल तर सहाव्या जागी व्हॅलिनच नाही आणि तो प्रश्नच उरत नाही. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या साठ्यातील २एचबीएस ही ऑक्सिजनविरहित सिकल हिमोग्लोबिनची रचना घ्या, कारण तिच्यात शेजारच्या रेणूशी झालेला संपर्कही दिसतो. त्याआधी, ज्या रचनेत एखादा रेणू प्रत्यक्ष बसलेला आहे तिच्यातून तो काढून पुन्हा डॉक करा. मूळ जागेपासून तो दोन अँगस्ट्रॉमच्या आत परतला नाही, तर मांडणीच चुकली आहे असे समजा. व्होक्सेलोटॉरची तुलना करायची असेल तर सहसंयुज डॉकिंगची वेगळी सोय वापरावी लागेल, कारण साध्या स्कोअरमध्ये तो बंध मोजलाच जात नाही.

हे सगळे जुळले, तर तो घटक शुद्ध स्वरूपात मिळवून ऑक्सिजन काढलेल्या रक्तनमुन्यात किती पेशी वाकतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. त्यासाठी नैतिक समितीची परवानगी लागेल आणि नमुना घरच्यांचा घेऊ नये. मार्गदर्शकांची हरकत नसेल तर आपली डॉकिंगची फाईल आणि रेणू जिथे बसवून पाहिला त्या निवडलेल्या चौकटीचे निर्देशांक इथे टाका, मी तपासून देतो.

वैनगंगाकाठ : सर, मी ऑक्सिजनयुक्त साधीच रचना घेतली होती. २एचबीएस उतरवून घेतली आहे. चौकट फेनिलॲलनिन ८५ भोवती ठेवून सोमवारी फाईल टाकते.