‘शिक्षेला स्थगिती’ म्हणजे सुटका नव्हे

प्रश्न (डिचोली) : गोवा सरकारच्या गृह आधार योजनेसाठी (गृहिणींना दरमहा अर्थसाहाय्य) उत्पन्नाचा खोटा दाखला जोडल्याबद्दल एखाद्यास शिक्षा झाली, तर तिच्याविरुद्ध वरच्या न्यायालयात जाण्याला कुणी ‘याचिका’ म्हणतात, कुणी ‘अपील’. शिवाय ‘शिक्षेला स्थगिती’ मिळाली की माणूस सुटला, अशी समजूत आहे. योग्य शब्दयोजना कोणती?

उत्तर (फोंडा) : दोषी ठरवणाऱ्या निवाड्याविरुद्ध वरच्या न्यायालयात जाण्याचा जो हक्क कायद्यानेच दिला आहे, त्यास ‘अपील’च म्हणावे, ‘याचिका’ हा शब्द आता इतका सैल वापरला जातो की त्यातून या हक्काचा बोध होत नाही. प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याच्या निवाड्यावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत, आणि सत्र न्यायालयाच्या निवाड्यावर पर्वरी येथील उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करावे लागते. सत्र न्यायालयाने अपील फेटाळल्यावर उच्च न्यायालयापुढे जे जाते ते ‘पुनरीक्षण’, म्हणजे खालच्या निवाड्याच्या वैधतेची मर्यादित फेरतपासणी.

खरा घोळ ‘स्थगिती’चा आहे आणि तो दूर व्हायलाच हवा, कारण बातमी वाचणारा माणूस त्यावरून दुसऱ्याबद्दलचे मत बनवतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३८९ प्रमाणे, अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी थांबवून जामीन देता येतो. पण तेवढ्याने दोषाचा शिक्का पुसला जात नाही. त्यासाठी ‘दोषसिद्धीला स्थगिती’ वेगळी मागावी लागते. ती देता येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या रामा नारंग प्रकरणात मान्य केले, मात्र भ्रष्टाचारात दोषी ठरलेल्या लोकसेवकाला ती सहसा देऊ नये, असे २००१ च्या के. सी. सरीन प्रकरणात बजावले. म्हणून बातमीत नुसते ‘स्थगिती’ लिहू नये. कशाला, तेही लिहावे.

उत्तर (मडगाव) : वरील विवेचनास पूर्ण सहमती. एक भर घालतो. योजनेचा पैसा खोट्या कागदांवर मिळवला तर ती ‘फसवणूक’, आणि विश्वासाने हाती सोपवलेला पैसा कर्मचाऱ्याने स्वतःसाठी वळवला तर तो ‘अपहार’. अपिलात हा भेद फार महत्त्वाचा ठरतो : पहिल्यात फसवण्याचा हेतू आरंभापासून होता का, यावर युक्तिवाद होतो, तर दुसऱ्यात तो पैसा आरोपीच्या हाती सोपवला होता हे सिद्ध झाले का, यावर.