हेल्मेटवालं शिबिर: मी रक्त न देताच उठून आलो

केळीचा_घड (रावेर)
काल गावात एका नेत्याच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर झालं. मंडप, डीजे, दात्याला हेल्मेट. नंबर आला होता तरी मी उठून आलो. लाल पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस टिकतात, प्लेटलेट्स ५ दिवस. एकदा दिलं की गड्याला ९० दिवस परत देता येत नाही, बाईला १२०. म्हणजे अख्खं गाव एकाच दिवशी मोकळं झालं की पुढं तीन महिने ठणठणाट. आणि खरी गरज मे महिन्यात! भुसावळात पारा ४५ ला टेकलेला, कॉलेजं बंद, निम्मं गाव लग्नात. वहिनीच्या बाळंतपणात अशाच एका रात्री साडेअकराला मी तीन तालुक्यांत फोन फिरवले. शेवटी अमळनेरचा एक अनोळखी पोरगा मोटरसायकलवर आला. त्याला कोणी हेल्मेट दिलेलं नव्हतं. हा सगळा दिखावा आहे, पटतंय का?

आप्पा_चोपडा
नाही पटत भो. हेल्मेटसाठी का होईना, पोरगा पहिल्यांदा सुई टोचून घेतो, भीती मोडते. आमच्या मंडळातली निम्मी पोरं अशीच लागली. तुम्ही उठून गेलात, एक पिशवी कमी झाली. कोणाचं भलं केलं?

लॅबवाली_ताई (धुळे)
आप्पा, वस्तूच्या लोभानं आलेला माणूस कावीळ झाली होती हे लपवतो, मला याची भीती. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया, सगळ्या तपासण्या होतात. पण लागण अगदी ताजी असेल तर तपासणीत सापडेलच असं नाही. पैसे घेऊन रक्त देणारे १ जानेवारी १९९८ पासून कोर्टाच्या आदेशानं बंद झाले, ते उगीच नाही.

सडेतोड_जळगाव
फुकट आम्ही द्यायचं आणि पिशवीला हजार-दीड हजार आम्हीच मोजायचे. वर घेतलेल्या पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा बदली दाता आणा म्हणे! वडिलांच्या ऑपरेशनला मी पैसेही भरले आणि चुलतभावाला झोपवलंही. मी नाही देणार.

लॅबवाली_ताई
पैसे रक्ताचे नसतात दादा, पिशवी, तपासण्या आणि घटक वेगळे करण्याचे असतात. बदली दात्याचा आग्रह मात्र चूकच, तिथं तुमचा राग बरोबर आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया अशा रक्ताच्या जन्मजात आजारवाल्यांना रक्त मोफत द्यायचा नियम आहे, तो तेवढा ओळखीत सांगा.

सातपुड्याचा_मास्तर (धडगाव)
सिकलसेलचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या भिल्ल-पावरा पोरांत हा आजार आहे. माझ्या वर्गातली एक पोरगी दुखणं उठलं की दप्तरावर डोकं ठेवून पडते. रक्त फारच उतरलं की तिला पिशवी लागते. तुम्ही म्हणाल, तिच्या गावानं द्यावं. देतात हो! मागच्या शिबिरात बायांची रांग होती. बोटातला थेंब निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडायचा, बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, म्हणजे रक्त देता येतं. थेंब तरंगायचे आणि बाया गपगुमान चपला घालून परत जायच्या. हेल्मेटचा वाद तुमच्या सपाटीवरचा. आम्हाला रक्त तिथूनच येतं.

सडेतोड_जळगाव
मास्तर, माझं भांडण रक्तपेढीच्या काउंटरशी आहे, त्या पोरीशी नाही. पण आधी काउंटर सुधारू द्या.

केळीचा_घड
काउंटर सुधारेपर्यंत ती पोरगी थांबेल का? आप्पा, तुमची पोरं दहा-दहाच्या तुकड्यांत वाटा, दर पंधरवड्याला एक तुकडी. मेमध्ये शिबिर संध्याकाळी सातनंतर. जेवून यायचं, उपाशीपोटी नाही.

आप्पा_चोपडा
मेमध्ये डीजे नको, कूलर लागतात. तीन कूलर तुम्ही आणा, पोरं मी आणतो. हेल्मेट मात्र देणारच!

केळीचा_घड
दोन आणतो. तिसरा बायको सोडणार नाही.